संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावली की चार्जर बंद पडतो: दोष घरात, अर्थिंगमध्ये की डीपीवर?

तक्रार साधारण अशी असते. दुपारी गाडी व्यवस्थित चार्ज होते. संध्याकाळी सात-साडेसातला लावली की थोड्या वेळात चार्जरवर लाल दिवा लागतो, नाहीतर एमसीबी पडतो. कधी रात्रभर चार्जिंग चालू दिसतं आणि सकाळी बघावं तर बॅटरी निम्मीच भरलेली. चार्जर सर्व्हिस सेंटरला नेला की तिथे नीट चालतो, घरी आणला की पुन्हा तेच. एप्रिल-मेमध्ये हे वाढतं. लातूर, परभणी, बीड, जालना, कुठेही विचारा, वर्णनात फरक नाही.

मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे अशा घरांत जाणं नेहमीचं आहे. माझ्या बघण्यात यातले बहुतेक चार्जर चांगले असतात. दोष सॉकेटच्या मागे, अर्थिंगच्या खड्ड्यात किंवा गल्लीच्या टोकाला असलेल्या डीपीवर (म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) असतो. यातलं नेमकं कुठे, हे न शोधता चार्जर बदलणं म्हणजे पैसे आणि महिना दोन्ही घालवणं. बोलणं बहुतेक वेळा असं सुरू होतं:

"भाऊ, चार्जर बदलून आणला तरी बंदच पडायलाय."

"मामा, संध्याकाळी व्होल्टेज किती येतंय?"

"ते कोण बघतंय? लाइट तर आहे की."

लाइट असणं आणि चार्जरला पुरेल एवढं व्होल्टेज असणं यात मोठा फरक आहे. एलईडी बल्ब 150 व्होल्टवरही छान उजेड देतो. पूर्वी पिवळे बल्ब मंद झाले की दाब कमी झाल्याचं डोळ्यांना कळायचं, आता ती खूण उरलेली नाही. म्हणून मोजायचंच.

आधी मोजणी

सिंगल फेज पुरवठा 230 व्होल्टचा आणि त्यात 6 टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 216 ते 244. तुमचा चार्जर किती व्होल्टपर्यंत तग धरतो ते त्याच्या लेबलवर 'इनपुट'समोर छापलेलं असतं. 180 च्या आसपास बरेच चार्जर हात टेकतात.

मोजायचं दोन ठिकाणी: मेन स्विचवर आणि चार्जिंगच्या सॉकेटवर. दोन्हीकडे दोनदा, एकदा चार्जर बंद ठेवून आणि एकदा चालू करून. बऱ्याच डिजिटल मीटरच्या स्क्रीनवर आकडे फिरतात त्यात व्होल्टेजही येतं, मीटर तुमचा असा असेल तर तो आकडा घरातल्या कुणालाही वाचता येतो. बाकीचं मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि ज्या वेळी बिघाड होतो त्याच वेळी मोजा. सकाळी अकराला वायरमन आला, 232 दाखवून गेला, तर त्या आकड्याचा उपयोग शून्य.

या चार आकड्यांतच बहुतेक उत्तर असतं. मेन स्विचवर 225 आणि सॉकेटवर चार्जर चालू असताना 205 असेल, तर वीस व्होल्ट घरातच हरवतायत. चार्जर बंद असतानाही मेन स्विचवरच 190 असेल, तर घरातली वायर बदलून काहीही होणार नाही. चार्जर बंद असताना 222 आणि चालू केल्यावर मेन स्विचवरच 200, असं असेल तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर किंवा तिचे जोड बघायला हवेत.

घरातला दोष

स्कूटरचा चार्जर साधारण 750 वॅटच्या आसपास असतो, म्हणजे तीन-साडेतीन अँपिअर. तो कुठल्याही बऱ्या सॉकेटवर चालतो. कारसोबत येणारा 3.3 किलोवॅटचा चार्जर मात्र 14-15 अँपिअर ओढतो, तोही सलग कित्येक तास. गिझरही एवढंच ओढतो, पण पंधरा मिनिटांत बंद होतो, तोवर जोड पुरता तापत नाही. म्हणूनच "याच सॉकेटवर गिझर वर्षानुवर्षं चालला" हे कारच्या बाबतीत लागू पडत नाही.

15 मीटर लांब 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत 15 अँपिअरला साधारण आठ व्होल्ट पडतात, 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत दोन. म्हणून कारसाठी मेन बोर्डापासून वेगळी 4 ची लाइन, वेगळा एमसीबी आणि चांगल्या दर्जाचं 16 अँपिअरचं सॉकेट, यात काटकसर करू नका. मध्ये कुठेही जोड नको.

ढिल्या स्क्रूचा हिशेब सांगतो, कारण घरं याच्यामुळे जळतात. सॉकेटच्या एका टर्मिनलवर जेमतेम 0.1 ओहमचा अडथळा आला, तरी 15 अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच ताकदीची असते, आणि इथे ती सात-आठ तास प्लॅस्टिकच्या डबीत चालू राहते. लातूरला एका घरात मी सॉकेट उघडलं तेव्हा बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत न्यूट्रलचा स्क्रू अर्धा आटा ढिला होता, वायरीचं इन्शुलेशन बोटभर तपकिरी पडलेलं आणि प्लगची ती एक पिन निळसर झालेली. फेजची पिन मात्र लख्ख. चार्जिंग अर्धा तास झाल्यावर प्लग काढून पिनांजवळचं प्लॅस्टिक हाताला चटका देतंय का बघा (आधी स्विच बंद करून, पिनांना हात न लावता). चटका बसत असेल तर त्या रात्री तिथे गाडी लावू नका.

आणखी एक दोष इकडे फार सापडतो, कारण घरोघरी इन्व्हर्टर आहे. पार्किंगचं सॉकेट नकळत इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडलेलं असतं. लाइट गेली की स्कूटरचा सगळा भार इन्व्हर्टरवर येतो, तो ओव्हरलोड दाखवून बंद पडतो आणि घरातले पंखेही जातात. तपासायला सोपं आहे: मेन बंद करा आणि त्या सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. लागला तर लाइन बदलून घ्या.

स्टॅबिलायझर लावायचा सल्ला दुकानदार हमखास देतो. तो आउटपुटला व्होल्टेज वाढवून देतो, पण त्यासाठी लाइनवरून जास्त करंट ओढतो. तुमचं काम भागतं, गल्लीतला दाब आणखी पडतो, आणि मग शेजारीही स्टॅबिलायझर आणतो. चार-सहा घरांनी हेच केलं की डीपीचा फ्यूज उडतो. कारच्या चार्जरसाठी तर मी स्टॅबिलायझर लावूच देत नाही.

काळी माती आणि अर्थिंग

कार चार्जर आधी अर्थिंग तपासतो, नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. ॲपवर 'ग्राउंड फॉल्ट' किंवा तत्सम संदेश येतो. मराठवाड्यात ही तक्रार उन्हाळ्यात वाढते त्याचं कारण आपल्या मातीत आहे. काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. परभणीत एका बंगल्याच्या मागे अर्थिंगचा खड्डा उघडून पाहिला, तर पाइपाभोवतीची माती सगळीकडून सुटून अंगठा जाईल एवढी फट पडली होती. पाइप उभा, पट्टी जोडलेली, नटाला ग्रीसही लावलेलं. फक्त पाइपाचा जमिनीशी संबंध उरला नव्हता. जिथे माती कमी आणि खाली लगेच मुरूम किंवा काळा पाषाण लागतो, तिथे वेगळीच अडचण: पाइप आत जाईना म्हणून वरून कापून टाकतात. अडीच मीटरच्या जागी जमिनीत दीड मीटरही जात नाही.

दोन बादल्या पाणी टाकल्यावर चार्जिंग सुरू झालं, तर दोष अर्थिंगचाच आहे हे पक्कं समजा. पण पाणी टाकणं हा तात्पुरता इलाज आहे. खड्डा नीट घेऊन पाइपाभोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी भर घाला, पाइप पूर्ण लांबीचा ठेवा, खडक लागत असेल तर थोड्या अंतरावर दुसरा पाइप घेऊन दोन्ही जोडा. नंतर अर्थ टेस्टरने मोजून आकडा भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा, आणि दर वर्षी मेमध्ये पुन्हा मोजा. पावसाळ्यातलं मोजमाप इथे फसवं असतं.

आता जे सांगतो ते जीवावरचं आहे. चार्जरला फसवायला काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. चार्जर लगेच सुरू होतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढे खांबावर किंवा सर्व्हिस वायरमध्ये न्यूट्रल तुटला, तर तुमच्या कारच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. गाडी रबरी टायरांवर उभी आहे, लहान मूल अनवाणी येऊन दाराच्या मुठीला हात लावतं. असा जोड तुमच्या घरात कुणी करून गेला असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच सॉकेट बंद करा आणि वायरमनला बोलावून तो काढून घ्या.

आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो काढून टाकू नका. 30 मिलिअँपिअरचा, टाइप ए, फक्त चार्जरच्या लाइनवर वेगळा बसवा. घराच्या इतर उपकरणांची थोडी थोडी गळती एकाच आरसीसीबीवर जमा होते आणि दोष चार्जरवर येतो. वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर कायमचा बसवायचा कार चार्जर, घेत असाल तर त्यात डीसी गळती ओळखायची सोय आहे का, हे विकत घेतानाच विचारा.

डीपीचं गणित

घर चोख निघालं आणि तरी संध्याकाळी मेन स्विचवर 190 येत असतील, तर डीपीकडे वळायचं. इथलं गणित प्रत्येकाला कळायला हवं, कारण पुढच्या काही वर्षांत आपल्या शहरांतली आणि तालुक्याच्या गावांतली मुख्य अडचण हीच असणार आहे.

आपल्याकडे डीपी 63, 100, 200 केव्हीएचे असतात (केव्हीए म्हणजे डीपीच्या ताकदीचं माप). 100 केव्हीएचा डीपी प्रत्येक फेजवर साधारण 133 अँपिअर देऊ शकतो. तो बसवताना सगळी घरं एकाच वेळी सगळं लावणार नाहीत असं धरलेलं असतं, आणि आजवर ते बरोबरही होतं. आता एका फेजवर दहा स्कूटर रात्री आठला लागल्या तर 35 अँपिअर त्यांचेच. 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स एकटा 32 अँपिअर घेतो. दोन घरांनी वॉलबॉक्स बसवले आणि दोघंही एकाच फेजवर आले, की त्या फेजची निम्मी ताकद दोन गाड्यांत गेली. बाकीचे दोन फेज त्याच वेळी रिकामे असू शकतात. म्हणून बऱ्याच वेळा नवा डीपी लागतच नाही, घरं तिन्ही फेजवर सारखी वाटून दिली तरी दाब सुधारतो. लाइनमनला टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) लावून संध्याकाळी तिन्ही फेजचा करंट मोजायला सांगा. 120, 60, 45 असे आकडे आले तर उत्तर समोरच आहे.

लाइनची लांबीही बघायची. खांबांवरच्या 'वीझल' जातीच्या तारेचा अडथळा किलोमीटरला साधारण 0.9 ओहम. डीपीपासून 400 मीटरवर तुमचं घर असेल तर जाणारी फेज आणि परतीचा न्यूट्रल मिळून 0.7 ओहमच्या वर. शेवटाकडच्या घरांचा एकाच फेजवर 50 अँपिअर भार असेल तर 35 व्होल्ट तारेतच गेले. डीपीजवळच्या घरात 228 आणि शेवटच्या घरात 193, हे असं होतं. डीपी मोठा केला तरी शेवटच्या घराचा फायदा थोडाच, तिथे तार जाड करायला हवी किंवा डीपी वस्तीच्या मध्यभागी आणायला हवा.

चार्जरचा एक गुणधर्म इथे त्रास देतो. पिवळ्या बल्बला दाब कमी मिळाला की तो करंटही कमी घेतो. स्कूटरचा चार्जर आपली ताकद कायम राखायला बघतो, दाब कमी झाला की करंट वाढवतो: 230 ला 3.3 अँपिअर, 180 ला 4.2. त्यामुळे दाब आणखी पडतो. कारच्या चार्जरला करंटची मर्यादा ठरवून दिलेली असते, म्हणून तिथे ताकद घटते आणि वेळ वाढतो. सकाळी बॅटरी निम्मी दिसण्याचं हे नेहमीचं कारण.

उष्णतेचं वेगळं. डीपीला रात्री थंड व्हायला वेळ मिळायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, रात्रभर कूलर आणि आता एसीही चालतात, त्यात गाड्यांचा भार रात्रीच येतो. डीपीच्या आतलं तेल थंडच होत नाही. आतल्या साध्या कागदी इन्शुलेशनचं तापमान दर 6 अंशांनी वाढलं की त्याची झीज दुप्पट वेगाने होते. एक डीपी उन्हाळ्यात जळण्यामागे आधीचे असे कित्येक उन्हाळे असतात.

आणि लाइट गेल्यानंतरची गर्दी. दोन तासांनी लाइट आली की सगळे फ्रीज, कूलर, मोटारी आणि सगळे चार्जर एकाच क्षणी चालू होतात. फ्यूज पुन्हा उडतो, लाइनमन पुन्हा खांबावर. गाडीच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ ठरवायची सोय असेल तर वापरा. नसेल तर लाइट आल्यावर वीसेक मिनिटं थांबून स्विच टाका.

एका लक्षणाला मात्र क्षणाचाही उशीर नको. काही घरांत दिवे भगभगीत आणि शेजारच्या घरांत मंद, असं दिसलं तर डीपीवर किंवा लाइनमध्ये न्यूट्रल तुटलाय. तुमच्याकडे 300 च्या वर व्होल्ट येऊ शकतात. मेन स्विच खाली पाडा, शेजाऱ्यांना हाका मारून पाडायला लावा, आणि 1912 वर कळवा.

आपला भार नोंदवा

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. तुमच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तो काढून बघा. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅटच सापडतो, आणि दारात 3.3 किलोवॅट ओढणारी कार उभी असते. डीपी वाढवायचा प्रस्ताव करताना अभियंता नोंदलेला भार बघतो. कागदावर तुमच्या डीपीवर पुरेशी जागा शिल्लक दिसते, म्हणून प्रस्ताव मागे राहतो. गल्लीतल्या वीस गाड्या कागदावर नाहीतच. डीपींना मीटर आणि घरांना स्मार्ट मीटर बसतील तसतसं हे चित्र सुधारेल, पण तोवर आपला भार आपणच सांगितला पाहिजे.

लोक कचरतात ते बिल वाढेल म्हणून. सिंगल फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार जोडणीमागे असतो, किलोवॅटमागे नाही. थ्री फेज घेतल्यावर मात्र तो वाढतो. भारवाढीचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करता येतो. वॉलबॉक्स बसवायचा असेल तर थ्री फेज घ्या आणि 11 किलोवॅटचा तिन्ही फेजवर चालणारा बघा, तुमच्या गाडीला तो चालत असेल तर. प्रत्येक फेजवर 16 अँपिअर येतात, एकावर 32 येत नाहीत.

वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली. गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागायचा हक्क त्यात आहे. अर्ज पूर्ण असेल आणि लाइन वाढवावी लागत नसेल तर नवी जोडणी महानगरात 3, नगरपालिका हद्दीत 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत द्यायची आहे. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला काहीच अडचण नाही. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या चार्ज करायच्या असतील तर चार्जिंग स्टेशनच्या वर्गवारीची जोडणी घ्या. त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे.

शेतवस्तीवर राहणाऱ्यांनी जपून राहा. कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरलेल्या तासांपुरताच असतो, उरलेल्या वेळात सिंगल फेज, तोही लांबच्या तारेवरचा. वस्तीवर घरगुती जोडणी वेगळी मागा.

समृद्धी महामार्गालगत किंवा शहराबाहेर धाब्यावर, पंपावर फास्ट चार्जर टाकायचा विचार असणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: 60 किलोवॅटचा एक डीसी चार्जर 100 केव्हीएच्या डीपीची दोन तृतीयांश ताकद खातो. गावाच्या डीपीवर तो टाकू नका, सुरुवातीपासून स्वतःचा डीपी धरूनच खर्च मांडा.

तक्रार कशी लिहायची

"लाइट डिम आहे" असं तोंडी सांगून काही हलत नाही. सलग आठवडाभर रात्री आठ, दहा आणि पहाटे पाचचं मेन स्विचवरचं व्होल्टेज तारखेसह लिहा. डीपीजवळच्या एका आणि शेवटच्या एका घराचं त्याच वेळचं व्होल्टेज शेजारी लिहा. डीपीचा क्रमांक खांबावर किंवा पेटीवर रंगवलेला असतो, तो घाला. किती घरांत कोणत्या गाड्या आणि किती वॅटचे चार्जर आहेत याची यादी जोडा, सगळ्यांचे ग्राहक क्रमांक आणि सह्या घ्या. शाखा कार्यालयात देऊन पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यापुढे विद्युत लोकपाल. असं आकड्यांनिशी दिलेलं पत्र अभियंत्यालाही उपयोगी पडतं, त्याला वरच्या कार्यालयात तेच पुढे करता येतं.

डीपीचं काम होईपर्यंत वेळा वाटून घ्या. संध्याकाळी सहा ते दहा कार लावूच नका. स्कूटरला तीन-चार तास पुरतात, त्या अकरानंतर लागल्या तरी सकाळी भरलेल्या असतात. उन्हातून आलेली गाडी तशीही सावलीत अर्धा-पाऊण तास निवू दिलेली बरी, बॅटरी तापलेली असताना चार्जिंग हळू होतं. ज्यांची गाडी दिवसा घरी किंवा दुकानासमोर उभी असते त्यांनी दुपारीच लावावी: तेव्हा सौर वीज भरपूर असते, दाब चांगला असतो, आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापराला सवलतही आहे. सोसायटीत असाल तर एकूण भार ठरवून देता येतो आणि गाड्यांमध्ये तो आपोआप वाटला जातो असे चार्जर मिळतात. पाच घरांनी पाच वेगवेगळे वॉलबॉक्स घेण्याआधी एक बैठक बोलवून त्याची चौकशी करा.

कमेंटमध्ये विचारताना ते चार आकडे, मोजल्याची वेळ, चार्जरचे वॅट आणि वायरीची जाडी एवढं लिहा. त्याशिवाय मलाही दुरून काही सांगता येणार नाही.